आधी कॅमेरा कुणाचा ते बघ

प्रिय मित्रा,

होर्कहायमर-अडोर्नो, म्हणजे समाजाची आणि सत्तेची चिकित्सा करणारे ते दोन जर्मन विचारवंत, वाचायला घेतलेस आणि दहाव्या पानावर डोकं जड झालं, यात नवल नाही. ती माणसं सोपं लिहीतच नसत. त्याऐवजी माहितीपट बघितले तर चालेल का, विचारतोस. सुरुवातीला चालेल. मात्र विचारवंत पडद्यावर दिसला म्हणून मान डोलवायची नाही.

पहिल्यांदा इंग्रज कलासमीक्षक जॉन बर्जरची ‘वेज ऑफ सीइंग’ ही मालिका बघ. बीबीसीची, १९७२ ची, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चारच भाग. सुरुवातीलाच बर्जर जुना इटालियन चित्रकार बोत्तिचेल्ली याच्या चित्राला (नकलेला, घाबरू नकोस) पातं लावतो आणि व्हीनसचा चेहरा कापून घेतो. चेहरा सुटा झाला की चित्रातली गोष्ट जाते, नुसती एक देखणी बाई उरते. यामागचा विचार जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनचा, हेही तो सांगतो. आणि भाग संपताना बजावतो की ही चित्रं मी माझ्या कामासाठी वापरतोय, तेव्हा माझ्यावरही शंका घ्या.

चौथा भाग जाहिरातींवर आहे. तो बघून संध्याकाळी विश्रामबागेत चक्कर मार. बर्जरच्या मते जाहिरात आपल्याला आहे त्या आयुष्यावर नाराज करते आणि लोक आपला हेवा करतील असं रूप पुढे धरते. क्लासच्या होर्डिंगवरचे गुणवंत बघ. ते पोरांसाठी कमी, शेजारच्याच्या पोराचे टक्के ऐकून झोप उडालेल्या आईबापांसाठी जास्त. मग वाढदिवसाचा फ्लेक्स. साहेबांचा चेहरा केवढा, शुभेच्छुकांचे केवढे, पहिल्या ओळीत कोण, कोपऱ्यात कोण, बाया किती. वहीत उतरवून काढ.

माहितीपटांत दिसणारा तत्त्वज्ञ झिझेक, त्याला जरा थांबव. तो हसवतो, सगळं कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी एक वाक्य सांगता येत नाही. त्यापेक्षा ‘एक्झामिन्ड लाइफ’ या माहितीपटातला (२००८) तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलरचा भाग बघ. सोबत व्हीलचेअरवर अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी सुनौरा टेलर. सुनौरा म्हणते, कॉफीचा कप मी तोंडाने उचलून टेबलापर्यंत नेऊ शकते, पण चारचौघांत तसं करणंच अवघड होऊन बसतं. ‘नॉर्मल’ कोण ठरवतं, हा प्रश्न तिथे एका कपावर येऊन उभा राहतो. इंग्रजी सबटायटल चालू ठेव.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) शेवटी. चौदा वर्षं चित्रीकरण चाललं होतं, तेव्हा एका बैठकीत उरकू नकोस. १९९७ चा मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीवरचा पोलीस गोळीबार आणि शाहीर विलास घोगरेंची आत्महत्या इथून तो सुरू होतो. जर्मन पुस्तकांतला एकही शब्द न उच्चारता शाहीर सत्तेला काय विचारतात, ते ऐक.

मग फ्लेक्सची वही आणि होर्कहायमरचा १९३७ चा निबंध (पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतावरचा), दोन्ही घेऊन ये. पहिली चार पानं मिळून वाचू.