रंग कुठला घ्यायचा ते कापडाला विचारा

प्रश्न: पांढरा कॉटनचा शर्ट घरीच गडद निळा केला. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवला, तरी दर धुण्याला पाणी निळं होतंच. रंगच खराब निघाला का?

रंग खराब नसणार, व्हिनेगर चुकीच्या जागी पडलंय. हा सल्ला इतका फिरतो की आता चिडच येते. व्हिनेगर लोकर, रेशीम आणि नायलॉनसाठी. आम्लात त्या धाग्यांवर धन भार तयार होतो आणि ॲसिड डायचा (आम्लात बसणाऱ्या रंगाचा) ऋण भार तिकडे ओढला जातो. कॉटन म्हणजे सेल्युलोज, त्यात असं काही होतच नाही, त्यामुळे रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर.

आता पाकीट बघा. ‘सगळ्या कापडांसाठी’ असं लिहिलेलं असेल तर आत बहुतेक दोन जातींची भेसळ असते, डायरेक्ट डाय आणि ॲसिड डाय. कॉटनवर त्यातला डायरेक्ट तेवढा बसतो, ॲसिडवाला पाण्याबरोबर गटारात जातो, आणि जो बसतो तोही धाग्याला नुसता धरून असतो म्हणून थोडाथोडा सुटत राहतो. या शर्टावर डाय फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारं रसायन) वापरून बघा, बराच फरक पडेल, आणि पुढे गार पाण्यात वेगळाच धुवा.

पुढच्या वेळी कॉटनसाठी रिॲक्टिव्ह डाय घ्या. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1856 मध्ये, वय वर्षं 18, क्विनाइन (मलेरियाचं औषध) बनवायला जाऊन चुकून पहिला गाजलेला कृत्रिम रंग, जांभळा मॉव्ह, काढला आणि रिॲक्टिव्ह रंग बाजारात यायला 1956 उजाडलं, म्हणजे बरोबर शंभर वर्षं गेली. हा रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध बांधतो. त्याला आम्ल नाही, उलट अल्कली लागते, म्हणजे धुण्याचा सोडा (खायचा सोडा नको, तो फार सौम्य). मीठही लागतं, पण ते रंग पक्का करत नाही. पाण्यात कापड आणि रंग दोघांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात, मीठ तो विरोध कमी करतं आणि रंग धाग्याजवळ जातो, बस, पुढचं काम सोड्याचं.

एक गोम आहे. सोडा पडला की रंग पाण्याशीसुद्धा रिॲक्शन करतो आणि तसा वाया गेलेला रंग कापडाला कधीच बांधला जात नाही, नुसता धाग्यात अडकून बसतो. म्हणून उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवून उपयोग नाही, आणि शेवटी गरम साबणाच्या पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, कंटाळा आला तरी. पावडर कालवताना मास्क लावा, आणि भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका.

प्रश्न: शर्ट मस्त रंगला पण शिलाई पांढरीच राहिली!

दोरा पॉलिएस्टरचा आहे. त्याला डिस्पर्स डाय (सिंथेटिक धाग्यांचा रंग) लागतो, तोही कारखान्यात दाबाखाली साधारण 130 अंशांवर देतात. घरी उकळत्या पाण्यात सिंथेटिकचा रंग वापरून फिकट छटा येते. मी तर ती पांढरी शिलाई डिझाइन म्हणून खपवली असती.

प्रश्न: उरलेल्या कापडाच्या रंगात लेदरची जुनी बॅग उकळली तर चालेल?

अजिबात नको!! लेदर म्हणजे कोलॅजन, गरम पाण्यात ते आकसतं आणि कडक होतं, व्हेजिटेबल टॅन केलेलं (झाडांच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं) तर उकळायच्या बरंच आधी. लेदरचा स्पिरिटमधला डाय मिळतो, तो कापडाने पातळ हात देत लावायचा. आधी बॅगेवर पाण्याचा थेंब टाका. मुरला तर डायही मुरेल, तसाच गोल बसून राहिला तर वर कोटिंग आहे, ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि डाय पारदर्शक असतो, काळ्या बॅगेची तपकिरी होणार नाही.

प्रश्न: लाकडी टेबलाला डाय लावू की पिगमेंटवालं स्टेन? रेषा दिसायला हव्यात.

रेषा हव्यात तर डाय. तो विरघळलेला असतो, लाकडात उतरतो. पिगमेंटचे कण छिद्रांत साचतात आणि जास्त लावलं की खालचं लाकूड झाकतं. पण टेबल खिडकीजवळ उन्हात असेल तर विचार करा, डाय उन्हात लवकर विटतो, त्यातल्या त्यात मेटल कॉम्प्लेक्स जातीचा (ज्याच्या रेणूत धातू असतो) जास्त टिकतो. पाण्यातल्या डायने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून आधी नुसत्या पाण्याने पुसून, वाळवून, 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने मारून घ्या. स्पिरिटमधला डाय लावलात तर वरून ब्रशने शेलॅक (लाखेचं पॉलिश) मारू नका, शेलॅकही स्पिरिटमध्येच असतं, खालचा रंग उचलून ब्रशबरोबर फिरवेल.