सोलापुरात आहेच काय? सुट्टीतल्या आयांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते, मुलगा ८ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची. मिस्टर पुण्याला कामाला आहेत, शनिवारी रात्री येतात आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांचे गुडघे दुखतात. सुट्टी लागल्यापासून मुलं दिवसभर मोबाईलवर, काढून घेतला की दोघांची मारामारी. मागच्या रविवारी सगळ्यांना घेऊन बाहेर पडलो, बाग, मग मॉल, मग हॉटेल, घरी येईपर्यंत मुलगी रडून झोपली, मुलगा तोंड फुगवून, मिस्टर चिडलेले आणि मी तर पार थकून गेले. स्टेटसला बघावं तर सगळे महाबळेश्वर नाहीतर कोकणात. आमचं तसं बजेट नाही. सोलापुरात मुलांना न्यायला आहेच काय, असं वाटतं आणि आपण मुलांना काहीच देत नाही असंही वाटत राहतं. काय करू?

उत्तर : माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगंच करते, राग मानू नकोस. आधी हे सांगते की त्या रविवारी तुझं काही चुकलं नाही, फक्त एका दिवसात तीन दिवस कोंबले गेले. मीही हे केलंय गं. माझी मुलं लहान असताना एकदा सकाळी तुळजापूरचं दर्शन, तिथून नळदुर्गचा किल्ला आणि संध्याकाळी परत येताना नातेवाइकांकडे हळदीकुंकू असं सगळं एकत्र बांधलं होतं. नळदुर्गला नर-मादीचा धबधबा चांगला वाहत होता, पाणीमहाल समोर होता आणि धाकटा म्हणत होता आई अजून थोडं थांबू की, आणि मी त्याला हाताला धरून ओढत गाडीकडे नेत होते कारण पुढचं ठिकाण राहिलं होतं. आज तो ३० वर्षांचा आहे, त्याला हळदीकुंकू आठवत नाही, ओढत नेलेलं आठवतं. ते मला अजून लागतं. तेव्हापासून माझा एकच नियम, एका वेळी एक जागा, आणि तीच जागा परत परत.

परत परत हे महत्त्वाचं आहे बरं का. आपल्याला वाटतं मुलांना रोज नवीन काहीतरी लागतं. लहान मुलाला नवीन जागेत पहिल्यांदा काहीच दिसत नाही, गर्दी आणि आईस्क्रीमची गाडी दिसते. तिसऱ्यांदा गेलं की मग ते म्हणायला लागतं, तो बगळा आज कुठाय? तिथून खरी मजा सुरू होते.

म्हणून सुरुवात सिद्धेश्वर तलावापासून कर. सकाळी सहाला निघ. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात जातो हे तुला मी काय सांगणार, त्यामुळे सकाळी नऊच्या आत घरात यायचं आणि नंतर थेट संध्याकाळी सहानंतरच दार उघडायचं, मधल्या वेळेत कुठलंही ठिकाण कितीही चांगलं असलं तरी नको. तर सकाळी सिद्धरामेश्वराचं दर्शन, मग पाण्याच्या कडेला नुसतं बसायचं. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात, मुलाला विचार असं का करतो, उत्तर तू देऊ नकोस, त्याला दोन दिवस विचार करू दे. (पाणकावळ्याचे पंख पाण्यात भिजतात, त्यामुळे त्याला सोपं बुडता येतं, पण बाहेर आल्यावर वाळवावे लागतात.) पुढच्या वेळी शेजारचा भुईकोट किल्ला, फक्त किल्ला. बहामनी काळातला आहे, बुरूज मोज म्हणावं. त्याच्या पुढच्या वेळी चार पुतळ्यापाशी जा आणि मुलाला चौघांची नावं वाचायला लाव, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला होता आणि या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आठ वर्षांच्या पोराला हे कळतं. आपण ज्या रस्त्यानं रोज भाजी आणायला जातो तिथं हे घडलं, हे ऐकून माझा नातू कितीतरी वेळ गप्प होता.

आणि भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ ला चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला, तिथंच लग्न केलं, आणि १९४२ ला तिथंच वारला, वय अवघं ३२. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मुलांना ही नावाची गोष्ट फार आवडते, लगेच आपापल्या नावाचा अर्थ विचारायला लागतात, तेवढी तयारी करून जा.

आता खाण्याचं. हॉटेल नको, म्हणजे कधीतरी ठीक आहे पण दर वेळी नको, कारण मग मुलं जागेसाठी न येता हॉटेलसाठी येतात. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यासारखं बाहेर न्यायचं खाणं दुसरं कुठलं नाही, उन्हाळ्यात खराब होत नाही, सांडत नाही, डब्बा चिकट होत नाही. सोबत काकडी आणि पाणी माणशी एक बाटली. शेंगापोळी असली तर उत्तम. आणि आदल्या दिवशी नळाला पाणी आलेलं असेल तेव्हाच बाहेर जायचं ठरव, नाहीतर तुझं अर्धं लक्ष तिकडे टाकी भरली का यात, हे सोलापूरच्या बाईला वेगळं सांगायला नको.

सासूबाईंना घरी ठेवून जायचं तुला जड जात असेल. त्यांना दर वेळी न्यायचा हट्ट धरू नकोस आणि दर वेळी वगळूही नकोस. तलावावर कट्ट्यावर बसता येतं, तिथं त्यांना ने, आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, जुन्या आठवणी सांगायला लाव. त्या सांगत असतील तेवढा वेळ तू मोकळी, एकटी चार पावलं चालून ये. हे मी मुद्दाम लिहितेय कारण तुझ्या पूर्ण पत्रात तुला स्वतःला कुठं जावंसं वाटतं ते एकदाही आलं नाही. तुला जे बघायला आवडतं तिथं मुलांना ने. आई कंटाळलेली असली की मुलांना पाच मिनिटांत कळतं.

मिस्टर असतात तो रविवार थोड्या लांबच्या जागेला ठेव, पण महिन्यातून एकदाच. उन्हाळ्यात नको, पाऊस झाल्यावर बार्शी रोडला वीसेक किलोमीटरवर नान्नज, माळढोकांसाठी १९७९ साली अभयारण्य झालं तिथं. माळढोक दिसणं आता फार कठीण झालंय, मुलांना हे आधीच सांग, खोटी आशा दाखवू नकोस. मोकळ्या माळावर जमिनीवरच अंडं घालणारा पक्षी, तेही बहुतेक वेळा एकच अंडं, म्हणून एकदा कमी झाला की पटकन वाढत नाही, एवढं समजलं तरी पुष्कळ. काळवीट मात्र दिसतात आणि पळताना बघितले की चार वर्षांची पोरगीसुद्धा मोबाईल मागत नाही.

आणि थंडीत हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना मिळतात ते ठिकाण, सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. तिथं एकाच शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, आणि संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यात लिहिलंय ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचेल तो विजयी होईल. तुझा मुलगा नुकताच भराभर वाचायला शिकला असेल ना, हजार वर्षांपूर्वीचं मराठी वाक्य त्याच्या डोक्यावर आहे आणि त्याला त्यातला ‘तो’ समजतोय, त्याचा चेहरा तेव्हा बघ.

स्टेटस मात्र थोडे दिवस म्यूट करून ठेव. मी मनापासून सांगतेय, त्याने खरंच बरं वाटतं.

प्रश्न : ६ वर्षांच्या मुलीला गाडी लागते. अक्कलकोटला जायचं म्हटलं तरी एस.टी.त दोनदा उलटी. घरचे म्हणतात हिला नेऊच नका, घरी ठेवा. तिला वाईट वाटतं, मलाही.

उत्तर : तिला घरी ठेवू नका ताई. हे मुद्दाम करत नाही ती आणि लाडाने होत नाही. आतला कान मेंदूला सांगतो आपण हलतोय आणि डोळे समोरच्या सीटकडे नाहीतर मोबाईलकडे बघून सांगतात आपण स्थिर आहोत, या गोंधळात मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतं आणि बहुतेकांचं मोठेपणी कमी होतं. पुढची खिडकी धरा, मागच्या चाकावरची सीट अजिबात नको. मोबाईल, चित्रांचं पुस्तक काही नको, लांबचं बघायला लावा, लांबचं झाड, लांबचं देऊळ, कोण आधी ओळखतं असा खेळ. निघायच्या आधी पोट पूर्ण रिकामंही नको आणि तुडुंब भरलेलंही नको, थोडी कोरडी भाकरी किंवा बिस्किट, दूध आणि तळलेलं टाळा. गाडी लागू नये म्हणून औषध असतं, पण ते निघायच्या आधी पोटात जावं लागतं आणि मुलांचा डोस वजनावर असतो, त्यामुळे मेडिकलमधून मनाने न घेता आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. पिशवी तिच्या हातात द्या आणि सांगा झाली तर झाली, कोणी रागवणार नाही. पोर घाबरलं की जास्त होतं. माझ्या बहिणीच्या मुलीला पिशवी हातात असली की होतच नव्हतं.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत गेल्या वर्षी माझा ५ वर्षांचा मुलगा पाच मिनिटं दिसेनासा झाला होता. सापडला, पण आता मला गर्दीत जायची भीतीच बसलीय. यंदा तो पाळण्यात बसायचं म्हणून आत्तापासून मागे लागलाय. नेऊ का नको?

उत्तर : त्या पाच मिनिटांत तुमचं काय झालं असेल ते वाचतानाच माझ्या पोटात कालवलं. तरी न्या. सोलापूरच्या पोरानं गड्डा न बघता मोठं व्हावं असं मला वाटत नाही, बाराबंदी (पारंपरिक पांढरा पोशाख) घातलेले मानकरी आणि ते उंच नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, त्यानं बघायलाच पाहिजेत.

पण अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाच्या, मुख्य गर्दीत पहिल्यांदा नेऊ नका, नंदीध्वज मिरवणूक एखाद्या ओळखीच्या घराच्या गच्चीवरून दाखवा. होम मैदानावर पाळण्याला संक्रांतीनंतर मधल्या वारी दुपारी चारला जा, सातच्या आत बाहेर. त्याला भडक एका रंगाचा शर्ट घाला आणि निघताना घरीच मोबाईलवर त्याचा फोटो काढा, म्हणजे आज काय घातलं होतं हे घाबरलेल्या डोक्याने आठवावं लागत नाही. मनगटावर पेनाने तुमचा नंबर लिहा, नाव लिहू नका, नावाने कोणीही हाक मारू शकतं. त्याला तुमचं पूर्ण नाव पाठ हवं, पाच वर्षांच्या मुलांना विचारलं तर आईचं नाव ‘आई’ सांगतात. आणि घरी चार-पाच वेळा खेळून घ्या की आई दिसली नाही तर तिथंच उभं राहायचं, पळायचं नाही, पोलीस नाहीतर लहान मूल सोबत असलेली बाई बघून तिला सांगायचं. तुम्हाला तो दिसला नाही तर लाजत बसू नका, लगेच मोठ्याने नाव आणि शर्टचा रंग ओरडा, आजूबाजूचे सगळे शोधायला लागतात, आपली माणसं त्या बाबतीत चांगली आहेत. मुलांच्या मदतीला १०९८ आणि पोलिसांना ११२ हे दोन नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

सापडल्यावर मारू नका. गेल्या वर्षी मारलं असेल तर जाऊ दे, भीतीने हात उठतो.

प्रश्न : ताई मी घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते, कारखान्याचा माल असतो. जूनमध्ये शाळा सुरू होतात म्हणून मेमध्येच सगळ्यात जास्त काम, बारा-बारा तास मशीनवर. मुलांना सुट्टी आणि मला श्वास घ्यायला वेळ नाही. दोघी मुली, १० आणि ७ वर्षांच्या, काहीच मागत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं गं. कितीतरी गावांतली मुलं जूनमध्ये सोलापुरात शिवलेला युनिफॉर्म घालून शाळेत जातात आणि तो शिवणाऱ्या बाईला मेमध्ये स्वतःच्या मुलींना बाहेर न्यायला वेळ नसतो, हे खरं आहे आणि हे अवघड आहे, मी त्यावर गोड बोलणार नाही.

बाहेर जायला जमणार नाही तर गच्चीवर जा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक-दोन दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण गायब होते. साधारण साडेबाराच्या थोडं आधी. त्या आठवड्यात मुलींना सांग, रोज बारा वाजता पाण्याची भरलेली बाटली किंवा डब्बा गच्चीवर सपाट जागी उभा करायचा आणि पाच-पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची, टोपी घालून, खूण करून लगेच खाली सावलीत. ज्या दिवशी सावली बाटलीच्या बुडाखालीच जाईल त्या दिवशी त्या तुला हाक मारतील, तेवढी दहा मिनिटं मशीन बंद कर आणि वर जा. जुलैच्या शेवटी असाच दिवस परत येतो पण तेव्हा ढग असतात, म्हणून मेमधलाच पकड.

आणि रात्री. सोलापुरात उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण घालतातच, तुम्हीही घालत असाल. नऊच्या सुमाराला उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर दिसतात, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पुढे नेली की ध्रुव सापडतो, आपल्याकडे तो क्षितिजापासून फार वर नसतो, समोर इमारत असली तर झाकला जाईल. मोठीला हे शोधायला सांग आणि धाकटीला ती शिकवू दे. तू फक्त पडून राहा, पाठ टेकव, बोलली नाहीस तरी चालेल, त्यांना तू शेजारी हवी आहेस.

माल पोचवायला रिक्षाने जातेस का? सकाळी लवकर जात असशील तर एका मुलीला बरोबर ने, पाळीपाळीने, येताना तिच्या आवडीचा चहा-खारी. दोघींना एकत्र नको. एकटी मिळालेली आई त्यांना वर्षभर पुरते, मला चार भावंडांत माझ्या आईबरोबर एकटीनं दळणाला जायला मिळायचं ते आज साठीत पण आठवतं, गिरणीतल्या गरम पिठाच्या वासासकट.

सावली किती वाजता गेली ते मुलींकडून लिहून घे आणि मला कळव.