वाचन केलं, वाचण्यात आलं की सरळ वाचलं?

प्रश्न असा आलाय: "हल्ली काय काय वाचलं हे आम्ही मित्रमंडळी एकमेकांना लिहून कळवतो. मी 'अमुक कादंबरी वाचण्यात आली' असं लिहिलं तर एका बाईंनी टोकलं, म्हणाल्या 'वाचनात आली' हेच बरोबर. खरं काय? आणि 'वाचन केलं' चालेल का? अर्धवट वाचलेल्या पुस्तकांबद्दल काय लिहायचं?"

'माझ्या वाचनात आली' बरोबर आणि 'माझ्या वाचण्यात आली' हेही बरोबर. त्या बाईंचं ऐकायचं तर मग 'माझ्या पाहण्यात आलं', 'माझ्या ऐकण्यात आलं' हेही चूक ठरवावं लागेल, आणि तसं कोणी ठरवत नाही. मात्र 'माझ्या' गाळलंत की भानगड होते, नुसतं 'कादंबरी वाचण्यात आली' म्हटलं की सोसायटीच्या मीटिंगमधलं 'मागील सभेचे इतिवृत्त वाचण्यात आले' कानात वाजायला लागतं आणि वाचली कोणी ते कळतच नाही. आणखी एक, 'वाचनात आली' मध्ये सहज समोर आली, गाठ पडली असा भाव आहे. तुम्ही यादी करून, पैसे मोजून पुस्तक मागवलंत आणि रोज रात्री जागून संपवलंत तर ते 'वाचनात आलं' नाही हो, ते तुम्ही वाचलंत. सरळ 'वाचलं' म्हणा की. या साध्या क्रियापदाला लोक एवढे का बिचकतात ते मला खरंच कळत नाही.

आता 'वाचन केलं'. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. 'सध्या मी अमुक पुस्तक वाचन करतोय', 'या महिन्यात तीन पुस्तकं वाचन केली', मुलाखतींत, भाषणांत, शाळेच्या कार्यक्रमांत, जिकडेतिकडे हेच. पहिलं म्हणजे व्याकरण, 'पुस्तक वाचन करतोय' असं होत नाही, 'पुस्तकाचं वाचन करतोय' असं होतं. दुसरं म्हणजे 'चा' लावून सुद्धा अर्थ वेगळाच होतो. २६ नोव्हेंबरला संविधान दिनी उद्देशिकेचं वाचन करतात, म्हणजे काय करतात? सगळ्यांनी उभं राहून मोठ्याने म्हणतात. कवी कवितांचं वाचन करतो म्हणजे चार लोकांना ऐकवतो. घरी गादीवर लोळत कादंबरी वाचणाऱ्याने 'वाचन केलं' म्हणणं म्हणजे अर्थाशी खेळ आहे.

आणि हा जो 'मोठ्याने'चा अर्थ 'वाचन करणे'ला चिकटलाय तो उगाच नाही, तिथेच तर सगळी गंमत आहे. लग्नामुंजीत पुण्याहवाचन असतं, सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कधी विचार केलात का की तिथे वाचतं कोण? यजमान पाटावर बसलेला असतो, त्याच्या हातात ना पोथी ना कागद. गुरुजींच्या हातात पोथी असली तरी ती सोयीसाठी, विधीला तिची गरज नाही. मग वाचन कुठलं? यजमान म्हणतो 'भवन्तो ब्रुवन्तु', तुम्ही म्हणा, आणि समोरचे ब्राह्मण म्हणतात 'पुण्याहम्', आजचा दिवस पुण्यकारक आहे, असं तीनतीनदा. म्हणजे पुण्याहवाचन म्हणजे 'पुण्याहम्' असं वाचणं नव्हे, 'पुण्याहम्' असं वदवून घेणं! 'वच्' म्हणजे बोलणे, त्याचं प्रयोजक रूप 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो, बोलतं करतो. स्वस्तिवाचनातही तेच.

आणि हाच 'वाचयति' पुढे वाचणे या अर्थाने आला. अक्षरं मुकी असतात, त्यांना बोलतं करणारा तो वाचक. केवढी सुंदर कल्पना आहे बघा. कालिदासाच्या शाकुंतलात तिसऱ्या अंकात शकुंतला दुष्यंताला पत्र लिहिते, लिहायला साधन नाही म्हणून पोपटाच्या पोटासारख्या कोवळ्या कमळाच्या पानावर नखांनी अक्षरं उमटवते, आणि मग मैत्रिणींना म्हणते ऐका, जमलंय का सांगा, त्या म्हणतात आमचं लक्ष आहे, आणि कंसात रंगसूचना येते 'वाचयति'. पान हातात, दोघी कान देऊन बसलेल्या आणि ती ते पान बोलतं करतेय.

काही अभ्यासक यावर नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, संस्कृतातच 'वाचयति'चा अर्थ 'नुसतं वाचणे' असा झाला होता, मराठीत तर प्रयोजकाची जाणीव कधीच मेली, उगाच व्युत्पत्तीचं भूत उकरून काढू नका. मला हे अजिबात मान्य नाही. जाणीव मेली असती तर शाळेत 'मूकवाचन' असा वेगळा शब्द का लागला असता? मास्तर 'वाच रे' म्हणाले की मुलगा खणखणीत आवाजातच सुरू करतो, गप्प वाचायचं असेल तर 'मनातल्या मनात वाच' असं मुद्दाम सांगावं लागतं. म्हणजे मूळ अर्थ आवाजाचाच, गप्प वाचणं हा वरून चढवलेला प्रकार. श्रावणात देवळात पोथी लावतात ती ऐकायला, शुक्रवारची कहाणी एक बाई वाचते आणि बाकीच्या हातात अक्षता धरून ऐकतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं हीच आपली वाचण्याची रीत होती, अजूनही जुनी माणसं पेपर वाचताना ओठ हलवतात, पुटपुटतात, त्यात हसण्यासारखं काही नाही, ती माणसं शब्दाच्या मूळ अर्थाला धरून वाचतायत. हिंदीने 'पठ्' घेतला, पढ़ना, तोही मुळात म्हणण्याचाच धातू. आपल्याकडे पण 'पढणे' होतं पण आपण त्याला पोपटपंचीकडे ढकललं, पढवलेला साक्षीदार, पढतमूर्ख, आणि पुस्तकासाठी 'वाचणे' राखून ठेवलं. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

आता दुसरा राग. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की 'वाचाल तर वाचाल' सगळीकडे फिरतं. घोषणा म्हणून झकास आहे, माझं काहीच म्हणणं नाही, श्लेष आहे आणि चांगला आहे. पण त्याखाली जे ज्ञान जोडून येतं ना, की बघा आपल्या पूर्वजांनी वाचणे आणि जिवंत राहणे याला एकच शब्द ठेवला, ज्याची वाचा शाबूत तो वाचला, वगैरे, ते साफ चूक आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत, आज योगायोगाने सारखे दिसतात.

पुरातून वाचला, अपघातातून वाचला, हा 'वाचणे' आला 'वंच्' पासून. हो, वंचना मधलाच वंच्. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'गृधिवञ्च्योः प्रलम्भने', म्हणजे फसवण्याचा अर्थ असेल तर रूप 'वञ्चयते' होतं, त्यावर काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरणं दिलीत. 'माणवकं वञ्चयते' म्हणजे पोराला फसवतो. पण 'अहिं वञ्चयति' म्हणजे सापाला फसवतो नव्हे, सापाला चुकवतो, टाळतो! वाटेत साप आडवा आला, माणूस बाजूने सटकला, तो वाचला. पंच चं पांच आणि पांच चं पाच झालं तसंच वंच चं वांच आणि वांच चं वाच.

इथे अनुस्वारवाले लगेच पुढे सरसावतात, की १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अक्षरांवरची टिंबं काढली म्हणून हा घोळ झाला, आधी वाचणे आणि वांचणे स्वच्छ वेगळे होते. अर्धंच खरं आहे हे. जुनी छापील पुस्तकं उघडून बघा, पुस्तक 'वांचणारे' आणि 'वांचक' सुद्धा टिंब घेऊन बसलेले सापडतील. गुजरातीत आजही पुस्तक 'वांचवुं' असंच म्हणतात, नाकातून, हिंदीत चिठ्ठी 'बाँचते' हैं. म्हणजे नुसत्या टिंबावरून मूळ ठरवायला गेलात तर फसाल. त्यापेक्षा गोव्यात जा आणि कान उघडे ठेवा, कोंकणीत पुस्तक वाचप आणि जीव वाचणं ते वांचप, बोलताना अजून फरक ऐकू येतो, कुठल्या नियमाच्या पुस्तकाची गरज पडत नाही.

आणि या वांचण्याचाच तिसरा नातलग म्हणजे 'तुझ्यावाचून' मधला 'वाचून', तुला टाळून, तुला सोडून. यावर माझा पक्का विश्वास आहे. त्यामुळे 'पुस्तकं वाचून' आणि 'पुस्तकांवाचून' ही जोडी मराठीत अगदी उलट अर्थाने उभी राहते, एवढ्याशा फरकावर. मराठी शिकणाऱ्यांना मी ही जोडी नेहमी सांगतो.

हां, अर्धवट पुस्तकांचं राहिलं. त्यासाठी आपल्याकडे इतकी बारीक सोय आहे की 'वाचन करतोय' म्हणणाऱ्यांची कीव येते. कपाटातून बाहेर आलंय पण पान उलटलेलं नाही, 'वाचायला काढलंय'. सुरुवात झाली, 'वाचायला घेतलंय'. इकडचं तिकडचं पाहिलं, 'चाळलं', म्हणजे पानं हलवली, चालयति मधलं चाळणे. परीक्षेपुरतं, 'वाचून ठेवलं'. कसंबसं, एकदाचं, 'वाचून टाकलं'. आणि 'वाचून काढलं' हे फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं असेल तरच, कारण सारवून काढणे, धुऊन काढणे, पिंजून काढणे यात कोपरान्‌कोपरा येतो. पन्नास पानांवर खूण घालून ठेवलेल्या पुस्तकाला 'वाचून काढलं' लिहू नका, 'वाचायला घेतलंय, मध्येच राहिलंय' असं लिहा.