अमेरिकेचा इतिहास शिकून पुढे काय?

स. न. वि. वि.

आपली मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे, अमेरिकेतील यादवी युद्ध आणि नागरी हक्कांची चळवळ यांनी तिला झपाटून टाकले आहे, आणि शैक्षणिक कर्ज काढून तिला एम.ए.साठी थेट अमेरिकेला पाठवावे की हा नाद सोडायला सांगावा, असे आपण पत्रात विचारले आहे. माझे मत असे की नाद सोडू देऊ नये आणि कर्जही काढू नये.

आधी पैशांविषयी. अमेरिकेतील विद्यापीठांत इतिहासाच्या एम.ए.ला आर्थिक साहाय्य क्वचितच मिळते, मात्र पीएच.डी.साठी निवडलेल्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी आणि अध्यापन-साहाय्याच्या मोबदल्यात विद्यावेतन देण्याची तेथे रूढ पद्धत आहे. त्यामुळे एम.ए. भारतातच करून नंतर पीएच.डी.साठी अर्ज करणे शहाणपणाचे ठरेल. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय अध्ययन विभागात अमेरिकेचा अभ्यास होतो, तोही पर्याय पाहावा.

पीएच.डी.च्या प्रवेशात गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना अधिक, वजन अर्जदाराने स्वतः लिहिलेल्या संशोधनपर निबंधाला असते, आणि आपल्या मुलीची खरी तयारी येथे हवी. ‘अमेरिकेचा इतिहास आवडतो’ एवढे पुरत नाही, एक प्रश्न हाती असावा लागतो. मी तिला यादवी युद्धानंतरचा १८६५ ते १८७७ हा पुनर्रचनेचा काळ सुचवीन. १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने मुक्त झालेल्यांना नागरिकत्व मिळाले, १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली (स्त्रियांना मात्र १९२०पर्यंत थांबावे लागले), आणि त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स हे सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. परंतु १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचे संरक्षण हटले, मतदानकर आणि साक्षरतेच्या चाचण्या यांच्या आडून तो हक्क प्रत्यक्षात काढून घेतला गेला, आणि तो खऱ्या अर्थाने परत मिळण्यासाठी १९६५चा मतदान हक्क कायदा यावा लागला. हक्क कागदावर असूनही पंचाण्णव वर्षे तो कोणी, कोणत्या मार्गांनी अडवून धरला, हा प्रश्न एका आयुष्याला पुरेल इतका मोठा आहे.

महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची, म्हणजे ही पुनर्रचना चालू असतानाची; आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच त्यांनी ती अर्पण केली आहे. पुण्यात बसून अमेरिकेतील घडामोडींचा जो अर्थ त्यांनी लावला तो मूळ मराठीत वाचू शकणारे संशोधक तिकडच्या विद्यापीठांत फार थोडे भेटतील. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. म्हणजे तिचे मराठी हेच तिचे भांडवल आहे, जरी आपण पत्रात तिच्या ‘मराठी माध्यमाची’ काळजी केली असली तरी. जात आणि वंश एकच, असे घाईने मांडण्याचा मोह मात्र तिने टाळावा. तरुण अभ्यासकांचे निबंध बहुधा तेथेच घसरतात.

आता इकडच्या नोकरीचे स्पष्ट सांगतो. आपल्या महाविद्यालयांत केवळ अमेरिकेच्या इतिहासासाठी प्राध्यापक नेमत नाहीत. इतिहासाच्या नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचा भर मुख्यतः भारतीय इतिहासावर असतो, आणि नेट उत्तीर्ण झालेल्यांपैकी अनेकांना तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काढावी लागतात. म्हणून भारतीय इतिहासाचा पाया तिने कच्चा ठेवू नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेतल्यास अमेरिकन क्रांती आणि यादवी युद्ध हे दोन्ही अभ्यासक्रमात आहेत, पण तेवढ्यासाठी ती परीक्षा देण्याचा आग्रह आपण धरू नये.

मुक्त गुलामांसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमन्स ब्यूरोची मजुरीची करारपत्रे, तक्रारी आणि पत्रव्यवहार आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. या सुटीत तिने त्यांतील दहा-बारा कागद आणि ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना शेजारी ठेवून वाचावी, चार पाने मराठीत लिहावीत आणि मला पाठवावीत, एम.ए. कोठे करावे हे ती पाने वाचून आपण तिघे मिळून ठरवू.

कळावे,
आपला स्नेहांकित