जुना लाकडी रेल्वे डबा पुन्हा रुळांवर आणायचा असेल तर काम कुठून सुरू करावं?

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार डबा 1880 च्या दशकातला, चार चाकांचा, साधारण 8 मीटर लांब आहे. ओकच्या सांगाड्यावर महोगनीची पॅनेलं, खाली लोखंडी अंडरफ्रेम (डब्याच्या तळाचा सांगाडा) शाबूत, आणि बरीच वर्षं उघड्यावर उभा. पॅनेलं घासून रंगाला सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. अशा डब्यात बाहेरच्या पॅनेलवर अजिबात विश्वास ठेवू नये. वरून ठणठणीत दिसतं आणि मागचा खांब बोटाने चुरा होतो.

आधी डब्याने नोकरीत काय काय सोसलं ते बघा, कारण सड बहुतेक तिथेच सापडते. या काळातले बरेच डबे छतातल्या तेलाच्या दिव्यांसह बाहेर पडले. पुढे गॅस आला, मग आसाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो आणि 24 व्होल्टच्या बॅटऱ्या. दर वेळी छताला नवी भोकं पडली आणि जुनी पत्र्याचा तुकडा नि लांबी (पुट्टी) लावून बुजवली गेली. गळती तिथूनच सुरू होते. बॅटरीच्या पेट्या टांगल्या होत्या तिथे अॅसिडने लोखंड खाल्लेलं असतं. आयर्लंडमधल्या आर्मा इथे 12 जून 1889 ला रेल्वे अपघात झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश कायद्याने प्रवासी गाड्यांना सलग ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे) सक्तीचे झाले. त्याआधीच्या कितीतरी डब्यांना व्हॅक्यूम ब्रेकचा पाइप, सिलिंडर आणि ब्रेकची दांडी मागाहून जोडली आहे, आणि त्यासाठी अंडरफ्रेममध्ये जमेल तशी भोकं पाडलेली आहेत.

नंतर डबा मुख्य मार्गावरून फाट्याच्या मार्गावर जातो, तिथून कामगारांच्या गाडीत, शेवटी गोदाम किंवा शेड होतो. या शेवटच्या टप्प्यात सगळ्यात मोठं नुकसान होतं: जागा मोकळी करायला आतल्या आडव्या भिंती काढून टाकतात. कंपार्टमेंटच्या डब्यात या भिंती फक्त आडोसा नसतात, दोन्ही बाजूंना त्याच आवळून धरतात. त्या गेल्या की छताच्या वजनाने बाजू हळूहळू बाहेर फुगतात. छताच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि मधला फरक मोजा. दोन-तीन सेंटिमीटरची फूग अजिबात नवलाची नाही.

तपासणीला टोच्या, छोटी हातोडी, टॉर्च आणि लाकडातला ओलावा मोजायचं मीटर पुरे. पहिला टोच्या दाराच्या खालच्या आडव्या पट्टीत घाला. खाली सरकणाऱ्या काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं. ते बाहेर जावं म्हणून खालच्या पट्टीला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात, पण दर रंगकामात ती थोडी थोडी भरत जातात आणि पुढे दार म्हणजे पाण्याची टाकी होते. मग पट्टी कुजते, उभ्या पट्ट्यांची कुसवं (खाचेत बसणारी टोकं) सुटतात, दार लोंबतं आणि चौकटीला घासायला लागतं. बिजागरी घट्ट करून हे सुटत नाही. नवीन पट्टी बसवताना 10 ते 12 मिमीची दोन-तीन भोकं ठेवा, पोटात तळाला उताराचा जस्ती पत्रा बसवा, आणि रंग झाल्यावर प्रत्येक भोकातून तार घालून बघा.

दुसरी जागा बाजूची तळतुळई, जिच्यावर सगळे खांब उभे असतात. खांबाचं कुसू तुळईच्या भोकात बसतं आणि वरून येणारं पाणी तिथेच मुरतं. कुसू गेलं म्हणून अख्खा खांब टाकून देऊ नका. कुजका भाग कापून खाली त्याच जातीचं, रेघा जुळणारं, वाळलेलं लाकूड तिरप्या सांध्याने जोडा. उतार किमान 1 ला 8 ठेवा, म्हणजे 50 मिमी जाडीला 400 मिमी लांबीचा सांधा. ओलावा 12 ते 14 टक्क्यांहून जास्त असेल तर लाकूड कापू नका, आधी वाळू द्या. सागवान जोडायचं असेल तर चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसा, त्याचं तेल डिंकाला धरू देत नाही. ओकमध्ये साधे लोखंडी स्क्रू नकोत. ओकमधलं टॅनिन त्यांना खातं, भोवतीचं लाकूड काळं पडतं आणि काही वर्षांत स्क्रूची पकड जाते. पितळी किंवा स्टेनलेस वापरा.

सांगाडा दुरुस्त करताना एका वेळी एकच खांब काढावा. त्याआधी अंडरफ्रेम जॅकवर घेऊन समपातळीत आणा. खाली ताणाच्या सळया असतील तर वजन जॅकवर असतानाच त्या आवळा, भरल्या वजनावर आवळल्या तर आटे जातात. मग प्रत्येक दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून चौकटीवरच पेन्सिलीने लिहा. फूग रॅचेटच्या पट्ट्यांनी रोज थोडी थोडी ओढायची, एका दमात नाही. आडव्या भिंती परत बसल्याशिवाय पट्ट्या सोडू नका.

काढलेल्या प्रत्येक वस्तूला नंबर द्या, पण आधी बनवणाऱ्यांचे नंबर शोधा. दारांच्या कडांवर आणि पाठफळ्यांच्या मागे डब्याचा क्रमांक ठोकलेला असतो, खांबांवर पटाशीने मारलेल्या खुणा असतात. जुन्या रंगाचा थरही एका कोपऱ्यात ठेवा. पाणी लावून बारीक सँडपेपरने गोल घासलं की एकेक रंग कड्यांसारखा उघडतो आणि मूळ रंगसंगती कळते. सगळं खरवडून झाल्यावर ती माहिती परत मिळत नाही.

इथे एक धोका नीट समजून घ्या. या जुन्या रंगांत आणि छतावरच्या सफेत्यात (पांढऱ्या रंगात) शिसं असतं. कोरडं घासू नका, उघडी ज्वाळा लावू नका. ओलं खरवडा, बारीक धुळीसाठीचा मास्क लावा, कचरा वेगळा बांधा. वाफेच्या पाइपांवरचं जुनं वेष्टण अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

छत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते चुकलं तर बाकीचं काम दहा वर्षांत परत करावं लागतं. फळ्यांवर एकसंध कॅनव्हास असतो. 8 मीटर लांब, 2.5 मीटर रुंद डब्याला छताची कमान साधारण 2.8 मीटर भरते. कडांना प्रत्येकी 15 सेंटिमीटर आणि टोकांना 20 सेंटिमीटर धरून 8.4 गुणिले 3.1, म्हणजे सुमारे 26 चौरस मीटर कापड लागेल. जोड टाळता आला नाही तर तो आडवा घ्या, लांबीच्या दिशेने नको, नाहीतर जोडाच्या कडेला पाणी थबकतं. फळ्यांचे खिळे आत ठोकून डोकी लांबीने भरा, कोपरे गोल करा, मग जाडसर रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच कापड अंथरा. मधून कडांकडे हाताने दाबत जा आणि मधूनच ठोकायला सुरुवात करा. पूर्वी हे सफेता आणि बेलतेलात (जवसाच्या तेलात) करायचे, आता शिसं नसलेला लवचीक छतरंग चालतो. पहिला हात कापड भरपूर पितं, त्यामुळे रंग दुप्पट धरा. सुरकुती राहिली तर ती रंगाने भरत नाही, तिथेच कापड चिरतं.

पॅनेलं, लांबी, अस्तर, रंग, वॉर्निश हे चांगल्या रंगाऱ्याला माहीत असतं. एवढंच सांगतो की पॅनेलच्या मागच्या बाजूला बसवण्याआधीच रंगाचे दोन हात द्या. एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडं लाकूड ओलावा घेऊन वाकतं.

आता चालायचा भाग, इथे घाई अजिबात नको. चाकं मॅन्सेल पद्धतीची असतील, म्हणजे लोखंडी धावेच्या आत सागवानाचे 16 तुकडे, तर ती धावत्या डब्यावर ठेवायची की फक्त प्रदर्शनाला, हे तज्ज्ञाच्या तपासणीनंतरच ठरवा. आसाची अल्ट्रासोनिक चाचणी अनिवार्य आहे, कारण भेग बहुतेक चाक आसावर घट्ट बसतं त्या भागात दडलेली असते. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 1435 मिमी गेजवर (रुळांमधल्या अंतरावर) 1360 मिमीच्या आसपास असावं लागतं.

अॅक्सल बॉक्स (आसाच्या टोकावरची बेअरिंगची पेटी) उघडलात की तळाला पाणी दिसेल. डबा वर्षानुवर्षं एकाच जागी उभा होता, त्यामुळे आसाच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या टोकावर) एकाच रेषेत गंजाचे खड्डे असतात. ते लेथवर काढून गुळगुळीत करा, मग बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) नव्याने ओतून त्या मापाला बोअर करून घ्या. बेअरिंगचा भार फक्त माथ्यावर पडला पाहिजे. निळा रंग लावून आस फिरवा आणि डाग बाजूंना पडले तर तिथे खरवडा. खालचा लोकरी पॅड बसवण्याआधी किमान एक दिवस तेलात बुडवून ठेवा. सुका पॅड पहिल्याच किलोमीटरवर जर्नल जाळतो.

व्हॅक्यूम ब्रेकला ब्रिटिश पद्धतीत साधारणपणे 21 इंच पाऱ्याइतकी निर्वात पोकळी लागते. सिलिंडरमधली गोल रबरी रिंग पिस्टनबरोबर लोळत वर-खाली होते. ती कोरडीच बसवायची, फक्त फ्रेंच चॉक (टाल्कची पूड) लावून. तेल-ग्रीस लावलं तर रबर फुगतं. बसवताना पीळ पडला तर ब्रेक अडकतो आणि ब्रेकचे गुटके चाकाला घासत राहतात. साच्याची बारीक रेघ रिंगभर एका पातळीत दिसली की पीळ नाही असं समजा.

पहिली धाव पाच-सहाशे मीटर, चालण्याच्या वेगाने. थांबून चारही बॉक्सना हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा. टिनचा व्हाइट मेटल साधारण 240 अंशांवर वितळायला लागतो आणि त्याआधी जळक्या तेलाचा वास येतो. नंतर अंतर दर वेळी दुप्पट करत जा. पहिल्या महिन्यात प्रत्येक पॅड काढून तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरतंय. तेल बदलून भागणार नाही, बॉक्सच्या मागचं नमद्याचं सील बदला.