मनात दहा मोज

अगं, खानापूरकडच्या शाळेत रुजू होतेयस ना, मग आधी एवढं बघ: प्रश्न विचारल्यावर तुझी नजर कुणाकडे जाते? माझी कित्येक वर्षं मुलग्यांकडेच जायची. मुलीला विचारलंस की मनात दहा मोज, तोवर मध्ये बोलू नकोस. माझ्या वर्गातली एक पोरगी ओढणीचं टोक पिळत गप्प उभी राहायची. एकदा आठाला बोलली, आणि अगदी बरोबर बोलली. नुसतं "गुणी आहेस" नको, "रीत नीट मांडलीस" म्हण. झाडू मुलींकडे, बाक उचलायला मुलगे, हे पहिल्या दिवशी मोड. कित्तूर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातलं; राणी चन्नम्मांनी १८२४ साली इंग्रजांना हरवलं, ते मुलींनाच उभं राहून सांगू दे. आयांना मात्र घरी जाऊन भेट. चुलीपाशी त्या मोकळ्या बोलतात.