आबाजी नदीपलीकडून आले, पण कोणाच्या घरून?

प्रश्न : मुलीच्या व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी, कागद काढत होतो. आत्यानं एका गावाचं नाव सांगितलं म्हणून वर्धा नदीपलीकडं, अमरावती जिल्ह्यातल्या तहसीलीत गेलो, तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल भेटली. त्यात १९१८ च्या ऑक्टोबरात पणजोबा, पणजी अन् त्यांची दोन लेकरं, सगळ्यांचे मृत्यू एकाच महिन्यात, कारण लिहिलंय 'ताप'. आमचे आबाजी त्याच घरचे, पण वाढले इकडं, मामाजवळ. त्यांनी आयुष्यात त्या गावाचं नाव काढलं नाही. मोठे काका म्हणतात काहीतरी भानगड असंल, मेलेल्यांचं कायले उकरता. व्हॅलिडिटी झाली, काम संपलं, पण मन तिथून निघत नाही. पुढं शोधावं का, अन् शोधून भेटणार काय?
– एक कास्तकार, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, आधी त्या भानगडीचंच बोलू, कारण तुमचा जीव तिथंच अडकलाय असं वाटतंय. १९१८ चा तो ताप म्हणजे बहुतेक मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता, घरात दाणा नाही अन् अंगात ताप अशी गत, आणि आपला मध्य प्रांत अन् वऱ्हाड म्हणजे देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागांपैकी एक. देशभरात कोटीच्या वर माणसं गेली. त्यातही वीस ते चाळीस वयाची, कमावती, लेकराबाळांची माणसं जास्त गेली आणि बाया पुरुषांपेक्षा जास्त गेल्या, म्हणजे कित्येक घरांत मागं राहिलं ते एखादं पोरगं, आणि असं पोरगं साहजिकच आजोळी जायचं. मला तरी यात भानगड कुठं दिसत नाही. एका महिन्यात मायबाप अन् भावंडं गेलेल्या पोरानं पुढं म्हातारा होईस्तोवर त्या गावाचं नाव काढलं नाही, तर ते दुःखच होतं असं मला वाटतं, आणि काकांना हे सगळं नीट बसून सांगा, त्यांच्याही मनावर इतकी वर्षं ओझं असेल.

म्हणून शोधाच, नक्की शोधा. फक्त माझं एक म्हणणं आहे, ते मनापासून सांगते. सगळेजण बापाच्या बाजूनं वर वर चढत जातात, पणजोबा, खापरपणजोबा, कारण सरकारी वंशावळीला तेवढंच लागतं, आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मिळाला की फाइल बंद होते. पण तुमच्या आबाजींना जगवलं कोणी? मामानं, आणि त्याच्याहून जास्त मामीनं. तसल्या साथीच्या, टंचाईच्या वर्षात घरच्यांचंच पोट भरेना तिथं तिनं नणंदेचं लेकरू आपल्यात जेवायला बसवलं. ती तुमच्या व्हॅलिडिटीच्या वंशावळीत कुठंच येणार नाही, रक्ताचीही नाही, पण ती नसती तर तुमची मुलगी नसती. शोधून काय भेटणार विचारता ना, तर मी तुमच्या जागी असते तर आधी तिचं नाव शोधलं असतं.

आता कुठं शोधायचं. नदीच्या दोन्ही बाजूंचे कागद वेगळे आहेत हे आधी ध्यानात घ्या. पलीकडचं वऱ्हाड निजामानं १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तिथं रयतवारी, म्हणजे कास्तकाराचं नाव सरळ सरकारी खात्यात. अलीकडचं नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, तिथं मालगुजारी, म्हणजे गावाचा मालक मालगुजार आणि बाकीचे त्याची कुळं. १९०३ मध्ये दोन्ही एका प्रांतात जोडले तरी जमिनीचा कारभार वेगळाच राहिला, मालगुजारी गेली ती १९५१ मध्ये. म्हणजे मामाचं वावर आर्वीकडं असेल तर मालकांच्या यादीत नाव दिसलं नाही म्हणून निराश होऊन परत येऊ नका, जुन्या बंदोबस्ताच्या (म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याच्या) मिसलीत, म्हणजे फायलीत, अन् जमाबंदीत कुळं म्हणून लिहिलेली नावं बघा. अमरावती जिल्ह्याचे बरेच जुने कागद भूमी अभिलेख विभागानं स्कॅन करून साइटवर टाकलेत, ते घरबसल्या बघता येतात. आणि जमीनच नव्हती, मजुरीवर घर होतं, तर कोतवाल बुक आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हेच दोन आधार, तिथं गरिबाचंही नाव सापडतं.

आडनावावर मात्र विसंबू नका. जुन्या नोंदीत आडनाव बरेचदा नसतंच, अमका वल्द (मुलगा) तमका एवढंच, बाई असली तर जौजे (बायको) किंवा बेवा (विधवा) आणि पुढं नवऱ्याचं नाव. कोतवाल गावातली खबर घेऊन जायचा, लिहिणारा दुसराच, म्हणून एकच नाव तीन जागी तीन तऱ्हेनं लिहिलेलं दिसतं. जन्माच्या नोंदीत तर लेकराचं नावही नसतं पुष्कळदा, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. तारीख, गाव, बापाचं नाव अन् जात जुळते का ते बघा. कागद मोडीत असला तर अंदाजानं वाचू नका, मोडी जाणणाऱ्याकडूनच वाचून घ्या.

आणि घरातलं सोडू नका. जुने पितळेचे गुंड, परात, कोपर माळ्यावर असतील तर घासून बघा, लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव अन् साल कोरलेलं असतं. आहेराची जुनी वही असली तर ती सोन्यासारखी जपा, कारण कोणत्या गावचे सोयरे आले होते ते त्यात ओळीनं असतं आणि मामीचं माहेर तिथंच सापडायची शक्यता जास्त. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तुमच्या घरी पितरांची घागर भरताना कोणाकोणाची नावं घेतात ते मोठ्या बायांना विचारा. आत्याला गाव माहीत होतं म्हणजे आणखीही माहीत असणार, तर एक अख्खी दुपार तिच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मध्ये मध्ये बोलून तिला तोडू नका. हे काम मात्र आजच करा, तहसीलीतले कागद थांबतील, आत्या थांबणार नाही.

प्रश्न : भावानं घरी वंशावळीचं मोठं फ्लेक्स लावलं, सात पिढ्या, त्यात एकही बाई नाही. मी बोलली तर म्हणे तुम्ही दुसऱ्या घरच्या. माझ्या मायचं तरी नाव टाकायचं होतं नं.
– दारव्हा तालुका

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे, आणि राग आला तोही बरोबर. ज्या सात पुरुषांची नावं तिथं आहेत त्यांना कोणीतरी जन्म दिलाच आहे ना. भावाला म्हणा, फ्लेक्स पुन्हा छापायचा खर्च मी देते, नावं मी आणते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप वारला की वारसांच्या फेरफारात बायको अन् मुलींची नावं लागायला पाहिजेत, बऱ्याच ठिकाणी लागलीतही, मग पुढं हक्कसोड झालं असलं तरी जुना फेरफार पटवाऱ्याकडं नाहीतर तहसीलीत राहतो. तो काढला की आत्या अन् आजीची नावं लेखी हातात येतात. त्याच्या मागची नावं तुमच्या आजोळी विचारून लिहून घ्यावी लागतील.

प्रश्न : गावात भाट आले, पोथी काढून म्हणाले तुमचं कूळ राजघराण्याचं. खरं मानावं का?
– मूर्तिजापूर

उत्तर : भाटांना मानानं बसवा, दक्षिणा द्या, त्यांच्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या ही नावं सांभाळली आहेत. पण राजापर्यंतची साखळी नुसती ऐकून घ्या. तुमच्या कामाच्या आहेत त्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या, त्यातली माणसांची अन् गावांची नावं लिहून घ्या, पोथीच्या पानाचा फोटो घेऊ देत असतील तर घ्या, आणि मग ती नावं कोतवाल बुकाशी ताडून बघा. जी जुळली ती पक्की धरा, बाकीची पेन्सिलनं लिहून ठेवा.